डेलियाचे वय

मिरजेत आमचे एक छोटे श्रवणमंडळ आहे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी आठ-दहा माणसे जमतात. ज्याची पाळी असेल तो एखादे ध्वनिमुद्रण आणतो, त्याबद्दल चार शब्द बोलतो आणि मग सगळे ऐकतात. बहुतेक वेळा ख्याल किंवा ठुमरी असते, कधी जुने नाट्यपद. काही वर्षांपूर्वी माझी पाळी आली तेव्हा मी जॉनी कॅश या अमेरिकन गायकाचा ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ हा १९९४ सालचा अल्बम नेला. एक माणूस, एक गिटार, तेरा गाणी. पहिल्या गाण्याचे नाव ‘डेलियाज गॉन’, म्हणजे डेलिया गेली. प्रास्ताविकात मी सांगितले की, गेलेल्या प्रेयसीसाठी एका वयस्क माणसाने गायलेले हे शोकगीत आहे.

गाणे संपले. आमच्यात एक निवृत्त शिक्षिका येतात, शाळेत त्या इंग्रजी शिकवत. त्या म्हणाल्या, “अहो, ती गेली नाही. त्यानं मारलंय तिला. आणि हो, किती वर्षांची होती ही मुलगी?”

पहिल्या वाक्याने माझी चूक चारचौघांत उघडी पडली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते शोधताना या अल्बमकडे पाहण्याची माझी सगळी दृष्टीच बदलली. तो शोध आणि त्यातून तयार झालेले माझे मत वाचकांपुढे ठेवतो. मी संगीताचा पदवीधर नाही आणि इंग्रजीचाही नाही. जे शिकलो ते ऐकून, कोश उघडून आणि चुका करून शिकलो. त्यामुळे या लेखाची सुरुवात चुकीपासून करणे मला योग्य वाटले.

चूक का झाली, हे आधी सांगतो. हा अल्बम मला कॅसेटच्या रूपात मिळाला. माझा आतेभाऊ जहाजावर नोकरीला होता, त्याने आणली. गाण्यांचे शब्द सोबत छापलेले नव्हते आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील उच्चार माझ्या कानाला सरावाचे नव्हते. पण हे झाले निम्मे कारण. उरलेले निम्मे त्या गाण्यातच आहे. गिटार बेताच्या लयीत चालते. आवाज खोल, कोरडा आणि पूर्ण शांत. कुठेही तो चढत नाही की थरथरत नाही. शब्द न कळणाऱ्याला हा माणूस दुःख गिळून बोलतो आहे असे वाटावे, अशीच त्या गाण्याची मांडणी आहे. खुनी आणि शोकमग्न माणूस यांचा आवाज इतका सारखा लागतो, हे माझ्या चुकीतून मला कळले. पुढे ध्यानात आले की या अल्बमचे बळ तिथेच आहे आणि त्याची अडचणही तिथेच.

*

जॉनी कॅशचा जन्म २६ फेब्रुवारी १९३२ चा, आर्कान्सा राज्यातील किंग्सलंड गावचा. मंदीच्या काळात सरकारने गरीब शेतकऱ्यांसाठी डायस नावाची वसाहत उभी केली होती, तिथे त्याचे कुटुंब कापूस पिकवीत असे. १९४४ मध्ये त्याचा थोरला भाऊ जॅक करवतीच्या यंत्रावर काम करताना जखमी होऊन वारला. हा आघात त्याने जन्मभर बाळगला. हवाई दलातली नोकरी संपवून तो मेम्फिसला आला आणि १९५५ मध्ये सॅम फिलिप्सच्या ‘सन’ कंपनीने त्याची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. पुढे तो ‘कोलंबिया’कडे गेला. १९६८ मध्ये फॉलसमच्या आणि १९६९ मध्ये सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात कैद्यांसमोर केलेल्या कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रिकांनी तो कीर्तीच्या शिखरावर पोचला. मध्ये गोळ्यांचे व्यसन, त्यातून सावरणे, पुन्हा घसरणे, हेही होतेच.

१९८६ मध्ये कोलंबियाने त्याला सोडले. त्यानंतरच्या कंपनीतही त्याच्या वाट्याला उपेक्षाच आली. नॅशव्हिलच्या बाजारात तो आता जुना माल होता. अशा वेळी, १९९३ मध्ये, रिक रुबिन हा त्याच्याहून तीस-एकतीस वर्षांनी लहान निर्माता त्याच्याकडे आला. रुबिनचे नाव हिप-हॉप आणि हेवी मेटल यांसाठी गाजलेले. या दाढीवाल्या तरुणाने साठी ओलांडलेल्या गायकाला आपल्या लॉस एंजेलिसच्या घरातील दिवाणखान्यात बसवले, त्याच्या हाती गिटार दिली आणि आवडतील ती गाणी म्हणायला सांगितले.

या प्रसंगाची आता दंतकथा झाली आहे. सगळा साज उतरवला आणि खरा माणूस सापडला, अशी ती सांगितली जाते. मला ती पूर्णपणे मान्य नाही. साथीदार घेऊनही त्या दोघांनी प्रयोग करून पाहिले होते. शेवटी एकट्याचीच मुद्रणे चांगली वाटली आणि ती ठेवली. काही गाणी रुबिनच्या घरी झाली, काही टेनेसीमधील हेंडरसनव्हिलला कॅशच्या स्वतःच्या लाकडी खोपटात आणि दोन गाणी हॉलिवूडच्या ‘व्हायपर रूम’ या क्लबात श्रोत्यांसमोर. म्हणजे एकटेपण हे निवडीने आलेले आहे. मात्र ते कॅशवर लादलेले नव्हते. फक्त आपण आणि आपली गिटार, रात्री उशिरा एकट्याने गायल्यासारखा अल्बम करावा, ही इच्छा त्याने कित्येक वर्षे मनात ठेवली होती, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. रुबिनने तिला जागा दिली, एवढे श्रेय त्याचे.

*

मिरजेचा माणूस वाद्याच्या आवाजाबद्दल बोलल्याशिवाय राहत नाही, म्हणून थोडे त्याविषयी.

कॅशच्या सुरुवातीच्या वाद्यमेळात ढोलवादक नव्हता. त्याची उणीव भरून काढण्यासाठी १९५६ च्या ‘आय वॉक द लाइन’मध्ये त्याने गिटारच्या तारांमधून कागदाची घडी ओवली. त्यामुळे तारा घुमेनाशा झाल्या आणि ढोलकाठीच्या घासल्यासारखा खरखरीत ठेका मिळाला. आमच्या गल्लीत तंबोरे घडवतात. तिथे घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवतात आणि जवारी लागते. साधने सारखी, हेतू उलटे. दोरा स्वराला उघडतो; कागद त्याला मिटवून त्याचा ठेका करतो. कॅशला तारेचे रेंगाळणे नको होते, चालणे हवे होते. आगगाडी रुळांवरून जावी तसे ते चालणे त्याच्या वाद्यमेळाची ओळख झाले.

‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’मध्ये मेळ नाही. उजव्या हाताचा अंगठा खालच्या तारांवर आलटून पालटून पडतो आणि बाकीची बोटे वरच्या तारांवरून हलकेच जातात. वादक म्हणून कॅश मोठा नाही. एखादा सराईत वादक यात दहा जागा भरेल. पण त्याच्या अंगठ्याला घाई नसते. वाक्य संपले की गिटार दोन-तीन ठोके एकटीच चालते आणि तेवढ्यात ऐकणाऱ्याला नुकतेच काय सांगितले गेले याचा अर्थ लागतो. ‘डेलियाज गॉन’मध्ये ही रिकामी पावले फार भयंकर आहेत. गोळी झाडल्याचे सांगून होते आणि अंगठा त्याच चालीने पुढे जातो. ‘व्हाय मी लॉर्ड’ या प्रार्थनेतही तोच अंगठा, तसाच निवांत. खुनाला वेगळे वाद्य नाही आणि प्रार्थनेलाही नाही. मोठ्या वाद्यवृंदात एका गाण्याला व्हायोलिने देता येतात, दुसऱ्याला ढोल. एकट्या माणसाजवळ एकच हात असतो.

*

कॅशला गीतकार-गायक म्हणतात. ही कल्पना आपल्याकडे थोडी परकी आहे. शाहीर स्वतः रचतो आणि स्वतः गातो हे खरे, पण भावगीताच्या परंपरेत कवी, संगीतकार आणि गायक ही तीन आसने आपण वेगळी मांडली. ‘गीतरामायणा’त शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडके यांच्या, आणि १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते गायले अनेकांनी. त्यामुळे ‘हे गाणे कोणाचे?’ या प्रश्नाला आपण तीन नावे सांगतो. इंग्रजी जगात गीतकार-गायकाकडून मात्र अपेक्षा असते की त्याचे शब्द हे त्याचेच आयुष्य असावे.

या अल्बममधील तेरा गाण्यांचा हिशेब मांडला तर गंमत दिसते. कॅशची स्वतःची गाणी चारच. दोन जुनी लोकगीते, त्यांपैकी ‘डेलिया’वर त्याने स्वतःचा हात फिरवलेला. उरलेली सात इतरांची. निक लो हा त्याच्या सावत्र मुलीचा एकेकाळचा नवरा. त्याने ‘द बीस्ट इन मी’ दिले, आतल्या श्वापदाविषयीचे. ‘व्हाय मी लॉर्ड’ क्रिस क्रिस्टोफरसनचे. ग्लेन डॅन्झिग या हेवी मेटलच्या गायकाने त्याच्यासाठी ‘थर्टीन’ लिहिले. लेनर्ड कोहेन, टॉम वेट्स, जिमी ड्रिफ्टवुड आणि लाउडन वेनराइट यांचे एकेक गाणे. म्हणजे ज्याला सगळे ‘आतून आलेला आवाज’ म्हणतात, त्यातले निम्म्याहून अधिक शब्द बाहेरून आलेले आहेत.

तरीही अल्बम एकाच माणसाचा वाटतो. मला वाटते याचे कारण कॅशने गाणी निवडताना लावलेली एक कसोटी आहे. जवळपास प्रत्येक गाण्यात ‘मी’ बोलतो आणि त्या ‘मी’ने काहीतरी केलेले असते किंवा त्याच्यावर काहीतरी गुदरलेले असते, जे पुसता येत नाही. ‘ड्राइव्ह ऑन’मधील व्हिएतनामहून परतलेला सैनिक, ‘थर्टीन’मधील जन्मापासून अपशकुनी ठरलेला माणूस, ‘लाइक अ सोल्जर’मधील लढाईतून वाचलेला. दुसऱ्याचे शब्द घेऊन कॅश आपली साक्ष देतो. साक्षीला आवाज चढवून चालत नाही. त्याच्या कोरडेपणाचे मर्म मला इथे सापडले.

*

आता त्या शिक्षिकाबाईंचा प्रश्न.

डेलिया खरीखुरी होती. जॉर्जिया राज्यातील सव्हाना शहरात, यामाक्रॉ या कृष्णवर्णीय वस्तीत, १९०० सालच्या नाताळच्या आदल्या रात्री डेलिया ग्रीन या मुलीला मोझेस हाउस्टन नावाच्या मुलाने गोळी घातली. त्याला कूनी म्हणत. नाताळच्या पहाटे ती मेली. घरात मेजवानी चालू होती, दोघांत बोलाचाली झाली, त्याने तिच्यावर हक्क सांगितला आणि तिने तो झिडकारला. कूनीला जन्मठेप झाली आणि १९१३ मध्ये तो पॅरोलवर सुटला. सव्हानात जिथे तिला पुरले, तिथे तिच्या नावाचा दगडही पुढे कित्येक दशके नव्हता.

डेलियाचे वय होते चौदा. कूनीही साधारण त्याच वयाचा.

हे आपल्याला ठाऊक आहे ते दोन माणसांमुळे. काँग्रेस ग्रंथालयातील अमेरिकन लोकगीत संग्रहाचे पहिले प्रमुख रॉबर्ट गॉर्डन यांनी १९२० च्या दशकात या गाण्याचा माग सव्हानापर्यंत काढला होता. पुढे जॉर्जिया विद्यापीठातील जॉन गार्स्ट यांनी जुनी वर्तमानपत्रे आणि न्यायालयाचे कागद चाळून घटना पुन्हा उभी केली. गार्स्ट रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. लोकगीते हा त्यांचा नोकरीबाहेरचा उद्योग. स्वतःच्या हौसेने कागद चाळणाऱ्या माझ्यासारख्याला या गोष्टीने किती बळ दिले, ते सांगत बसत नाही.

गाणे मात्र कागदांच्या आधीच प्रवासाला निघाले होते. ते ब्लूज गायकांकडे गेले, बहामा बेटांवर गेले, गोऱ्या लोकगायकांकडे आले. कॅशने ते प्रथम १९६२ मध्ये गायले. १९९४ मध्ये त्याने शब्द बदलून ते अधिक क्रूर केले. सव्हानाच्या जागी मेम्फिस आले. मुलीला खुर्चीला बांधून मारल्याचे आले. वय कुठेच नाही, वर्ण नाही, तिने काय उत्तर दिले तेही नाही. या गाण्याच्या चित्रफितीत डेलियाच्या भूमिकेत केट मॉस ही वीस वर्षांची प्रसिद्ध इंग्रज मॉडेल दिसते. यामाक्रॉमधील चौदा वर्षांच्या काळ्या मुलीपासून आपण किती दूर आलो, हे त्यावरून समजावे.

एकल अल्बमचे खरे संकट इथे आहे. खोलीत एकच आवाज आहे आणि तो मारणाऱ्याचा आहे. डेलियाच्या बाजूने बोलायला दुसरे वाद्यदेखील नाही. शेवटी तर हा माणूस ऐकणाऱ्यालाच सुचवतो की तुमची बाई ऐकत नसेल तर तुम्हीही असे करू शकता. यात पश्चात्ताप शोधणाऱ्यांशी मी सहमत नाही. तो तिथे नाही.

एक गोष्ट मात्र आहे. तुरुंगात त्याला झोप लागत नाही, कारण खाटेभोवती त्याला डेलियाची पावले ऐकू येतात. त्या पावलांसाठी गाण्यात जो इंग्रजी शब्द आहे तो हलक्या, दुडक्या पावलांचा आहे. घरातल्या लहान मुलाच्या पावलांसाठी तो सहज वापरतात. मी कोश उघडून हा अर्थ वाचला तेव्हा कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. गाण्याने तिचे वय टाकून दिले होते, पण या एका शब्दात ते राहून गेले होते. कॅशला ते ठाऊक असेलच असे मी म्हणत नाही. लोकगीतात अशा गोष्टी गाणाऱ्याच्या नकळत टिकतात.

*

याच सुमारास आणखी एका बुजुर्गाने हेच केले, हे सांगायला हवे. बॉब डिलनने १९९३ मध्ये ‘वर्ल्ड गॉन राँग’ हा अल्बम काढला. तोही एकट्याचा, गिटार आणि हार्मोनिकावर, सगळी जुनी गाणी. त्यातही ‘डेलिया’ आहे. १९९५ च्या ग्रॅमी समारंभात पारंपरिक लोकसंगीताचा पुरस्कार डिलनच्या अल्बमला आणि समकालीन लोकसंगीताचा कॅशच्या अल्बमला मिळाला. एकाच संध्याकाळी दोन्ही डेलिया सन्मानित झाल्या.

डिलनची डेलिया वेगळी आहे. ती ब्लाइंड विली मॅकटेलच्या वळणाची. तिथे गाणारा मारेकरी नाही. न्यायाधीश आहे, आईबाप आहेत, मारेकऱ्याचे कर्टिस हे नावही आहे, आणि गाणारा या सर्वांच्या मधून शोक करत फिरतो. माणुसकीच्या तराजूत डिलनचे गाणे जड आहे, याबद्दल मला शंका नाही. डेलियाला तिथे लोक भेटतात. पण ते ऐकताना मी सुरक्षित असतो. माझी सहानुभूती योग्य जागी आहे, याचे मला समाधान असते. कॅश ते समाधान देत नाही. तो मला मारणाऱ्याच्या शेजारी बसवतो आणि त्याचा आवाज किती साधा, किती ओळखीचा आहे हे ऐकवतो. मी त्याला शोकगीत समजलो होतो, हे इथे पुन्हा आठवावे.

*

अल्बमचा क्रम हा माझ्या लेखी त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. अनेक समीक्षक म्हणतात की हा पापापासून मुक्तीपर्यंतचा प्रवास आहे. मुखपृष्ठावरील दोन कुत्री, एक काळे आणि एक फिके, यांच्याकडेही पाप आणि उद्धाराच्या जोडीसारखे बोट दाखवले जाते. दहाव्या गाण्यात टॉम वेट्सची ती आगगाडी येते, जिच्यात येशूला दगा देणारा जूडास आणि लिंकनचा मारेकरी यांनाही जागा आहे. अकरावे गाणे ‘रिडेम्प्शन’, नावातच उद्धार. बाराव्यात सैनिक लढाई संपवून परत आलेला. इथे अल्बम संपवला असता तर खुनी सुटला, श्रोता सुटला आणि डेलिया पहिल्या गाण्यातच राहिली, असे झाले असते. मी तो सोईस्कर अल्बम म्हणून बाजूला ठेवला असता.

पण तेरावे गाणे आहे. ‘द मॅन हू कुडन्ट क्राय’, लाउडन वेनराइटचे, व्हायपर रूममध्ये श्रोत्यांसमोर गायलेले. एका माणसाला रडूच येत नाही. बायको जाते, नोकरी जाते, तो तुरुंगात जातो, वेड्यांच्या इस्पितळात जातो. शेवटी चाळीस दिवस पाऊस पडतो आणि तो चाळीस दिवस रडतो, आणि अंगातले पाणी संपून मरतो. स्वर्गात त्याचे कुत्रे त्याला भेटते आणि खाली पृथ्वीवर त्याला छळणाऱ्यांचे हास्यास्पद हाल होतात. क्लबातील माणसे खो खो हसतात. कॅश हसत नाही. ‘डेलिया’त लावला होता तोच कोरडा सूर इथेही.

न रडणाऱ्या माणसापासून अल्बम सुरू झाला आणि न रडू शकणाऱ्या माणसावर संपला. मधल्या प्रार्थनांनी प्रश्न मिटला नाही. उद्धाराची गाणी गाऊन झाल्यावरही त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यायचे बाकीच होते, आणि ते आले तेव्हा थट्टेच्या वाटेने आले, सूडाची बारीकशी चव घेऊन. बासष्टाव्या वर्षी स्वतःच्या धर्मश्रद्धेबद्दल इतका सावध राहणारा श्रद्धाळू गायक मला दुसरा आठवत नाही. कॅश देवावर विश्वास ठेवत होता. आपण सुधारलो आहोत, यावर मात्र तो पुरता विश्वास ठेवत नव्हता. म्हणून मी या अल्बमला मोठा मानतो. ‘डेलियाज गॉन’ या गाण्याबद्दलची माझी तक्रार त्याने मिटत नाही आणि मी ती मिटवूही इच्छित नाही.

गेल्या वर्षी माझी पाळी आली तेव्हा मी तोच अल्बम पुन्हा नेला. या वेळी प्रास्ताविक छोटे केले. डेलिया ग्रीन, वय चौदा, सव्हाना, नाताळ १९००. मग गाणे लावले आणि पुढची बाराही सलग ऐकली. शेवटच्या गाण्याला दोघे-तिघे हसले, त्यांत शिक्षिकाबाईही होत्या. निघताना त्या चपला घालता घालता थांबल्या आणि म्हणाल्या, “पुढच्या खेपेला ते दुसरं आणा, डिलनचं.” मी हो म्हटले आहे. पाळी यायला अजून चार महिने आहेत.